डबल क्लिकची वर्षं

२००७ च्या सुमारास भारतातल्या कितीतरी सायबर कॅफेंत एकच प्रसंग पुन्हा पुन्हा घडत होता. गिऱ्हाईक तासाचे पैसे मोजून बसायचं, गूगलची तेव्हाची लोकप्रिय सोशल साइट ऑर्कुट उघडायला जायचं आणि खिडकी फाटकन मिटायची. तिच्या जागी एक छोटी चौकट यायची. ऑर्कुटवर बंदी आहे, मूर्खा, असं इंग्रजीत सुनावणारी आणि वर सिनेमातल्या खलनायकासारखी हसणारी. यूट्यूब उघडलं तरी तेच. मोझिला फायरफॉक्स सुरू केलं तर इंटरनेट एक्स्प्लोररच वापर, अशी दमदाटी. गिऱ्हाईक कॅफेवाल्याकडे बघायचं, कॅफेवाला गिऱ्हाइकाकडे.

महाराष्ट्रात तर हा निरोप खरा वाटायला जागाही होती. शिवाजी महाराजांविषयी आणि राजकीय नेत्यांविषयी ऑर्कुटवर आलेल्या बदनामीकारक मजकुरावरून २००६-०७ मध्ये इथे मोठा वाद पेटला होता. ऑर्कुटवरच्या भारतद्वेषी मजकुराचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं होतं, काही ठिकाणी कार्यकर्त्यांनी सायबर कॅफेंची मोडतोड केली होती, आणि ऑर्कुट बंद करा ही मागणी वर्तमानपत्रांत रोज दिसत होती. अशा दिवसांत पडद्यावर ‘बंदी’ हा शब्द आला तर तो सरकारचा आहे की पोलिसांचा, एवढाच प्रश्न पडायचा. तो कुणा टवाळखोराचा असेल, हे तिसऱ्या क्रमांकावर सुचायचं.

होता मात्र तो टवाळखोराचाच. हीप४१ए या नावाने ओळखला जाणारा हा वर्म पेनड्राइव्हवरून फिरत होता. पेनड्राइव्ह जिथे पोचला तिथे तो पोचला, आणि २००७ पर्यंत पेनड्राइव्ह सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यापर्यंत केव्हाच पोचला होता.

लोक सगळ्यालाच व्हायरस म्हणायचे, अजूनही म्हणतात. मालवणीत तर ‘व्हायरस इलो’ एवढं म्हटलं की निदान पूर्ण होतं. पण फरक समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. व्हायरस दुसऱ्या कुणाच्या तरी अंगाला चिकटतो, एखाद्या फाइलीला किंवा फ्लॉपीच्या पहिल्या कप्प्याला. वर्म हा स्वतंत्र, आपल्या पायावर उभा असलेला प्रोग्रॅम असतो. तो स्वतःची नक्कल स्वतः काढतो आणि पुढच्या यंत्रावर जायची वाटही स्वतःच शोधतो. हे नाव जॉन ब्रनर या इंग्रज लेखकाच्या १९७५ च्या एका विज्ञान कादंबरीतून आलं. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस या अमेरिकी विद्यार्थ्याने सोडलेल्या वर्मने तेव्हाच्या छोट्याशा इंटरनेटवरची अंदाजे ६,००० यंत्रं जेरीस आणली, तेव्हा ते वर्तमानपत्रांत गाजलं.

भारतात त्या काळी सर्वसामान्यांसाठी इंटरनेटच नव्हतं, त्यामुळे इथली साथ फ्लॉपीवरून आली. १९८६ चा ब्रेन लाहोरचा. १९९० मध्ये भारतात सापडलेल्या एका व्हायरसचं नाव तर ऐकणाऱ्याला हसू आणणारं होतं: जोशी. दर ५ जानेवारीला तो यंत्र अडवून धरायचा आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करायला सांगायचा. शुभेच्छा दिल्या की यंत्र मोकळं. हे जोशी कोण, याचा पत्ता जगाला लागला नाही. पण वाढदिवस विसरलेल्यांना इतक्या सौम्यपणे ओलीस धरणारा व्हायरस नंतर झाला नाही, हे मान्य करावं लागेल.

याच फ्लॉपीच्या काळात पुण्यात एका दुरुस्तीच्या दुकानातून एक वेगळाच धंदा उभा राहिला. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणकाकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांपैकी कितीतरी यंत्रं बिघडलेली नसायचीच, बाधित असायची. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी एकेका व्हायरसवर उतारा लिहायला सुरुवात केली. १९९० च्या दशकाच्या मध्याला त्यातून ‘क्विक हील’ झालं, २००७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतलं आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. मराठी मुलखातला हा गाजलेला सॉफ्टवेअर उद्योग दुरुस्तीच्या टेबलावर जन्मला, ही गोष्ट पुढच्या कथेशी जुळते. कारण पेनड्राइव्हच्या काळातली खरी लढाईसुद्धा तसल्याच टेबलांवर झाली.

आता सिंधुदुर्गाची त्या वेळची स्थिती पाहू. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा, सुमारे १२१ किलोमीटरचा किनारा, २०११ च्या जनगणनेत साडेआठ लाखांच्या आसपास वस्ती, आणि तीही २००१ पेक्षा घटलेली. घराघरांतलं माणूस मुंबईत. साक्षरता मात्र ८५ टक्क्यांवर. संगणक शिकण्याची हौस होती आणि गरजही होती. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा एमएस-सीआयटी हा कोर्स सरकारी नोकरीसाठी लागू लागला आणि तालुक्याच्या गावांत त्याचे वर्ग भरू लागले. बीएसएनएलने २००५ मध्ये ब्रॉडबँड आणलं, पण वाडीवस्तीपर्यंत जायला त्याला वेळ लागला. मधल्या काळात डायल-अप, त्यातून भारनियमन.

मग माहिती कशी फिरायची? हातातून. अर्जाचा मसुदा टायपिंग सेंटरमधून पेनड्राइव्हवर, लग्नाचे फोटो स्टुडिओतून पेनड्राइव्हवर, पत्रिकेचं डिझाइन छापखान्यात पेनड्राइव्हवर. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची. डबलबारीची भजनं, दशावतारातले प्रवेश, नवे सिनेमे, सगळं एकाच संगणकातून, एकाच कार्ड रीडरमधून. तारकर्लीला आलेला पर्यटक समुद्राखालचे फोटो घेऊन जायचा. गणपतीला कोकण रेल्वेने आणि एस.टी.ने चाकरमानी यायचा, तो मुंबईहून भरलेला पेनड्राइव्ह खिशात घालून. रोगाची साथ माणसांच्या वाटेनेच जाते. या वर्मला तर वेगळी वाट उपलब्धच नव्हती, आणि तिची त्याला गरजही पडली नाही.

दार उघडं ठेवलं होतं ते मायक्रोसॉफ्टने, आणि तेही चांगुलपणापोटी. विंडोज ९५ मध्ये एक सोय आली. सीडी घातली की तिच्यातली ऑटोरन नावाची छोटी फाइल विंडोजने वाचायची आणि तिच्यात लिहिलेला प्रोग्रॅम आपोआप चालवायचा. नवख्या माणसाला काही शोधावं लागू नये, हा हेतू. छापील सीडीवर नंतर कुणाला काही लिहिता येत नाही, त्यामुळे तोवर हे ठीक होतं. पेनड्राइव्हवर कुणीही काहीही लिहू शकतो. विंडोज एक्सपीत ‘माय कॉम्प्युटर’ उघडून पेनड्राइव्हच्या चित्रावर डबल क्लिक केलं, की फाइली दिसण्याआधी ऑटोरनमधला हुकूम पाळला जायचा. आणि डबल क्लिक करायला तर प्रत्येक वर्गात पहिल्याच दिवशी शिकवलं जात होतं!

हीप४१ए याच दाराने आत यायचा. पेनड्राइव्हवर त्याची प्रत पॉवरपॉइंटचा वेष घेऊन बसलेली असे. आत शिरला की तो सी ड्राइव्हवर आपल्या नावाचं एक लपलेलं फोल्डर करायचा आणि त्यात एसव्हीसीहोस्ट नावाची फाइल ठेवायचा. नाव निवडलं होतं मोठ्या हुशारीने. विंडोज एक्सपी स्वतःच या नावाचे चार-पाच प्रोग्रॅम कायम चालवत असे, त्यामुळे यादीत एक जास्त दिसला तरी कुणाचं लक्ष जाऊ नये. गावातल्या मोठ्या कार्यात पंगतीला एक अनोळखी पाहुणा बसला तर मुलीकडचे समजतात मुलाकडचा आहे आणि मुलाकडचे समजतात मुलीकडचा. तसंच हे.

त्याला ओळखायची युक्तीही तशीच साधी होती. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडायचा. खरे एसव्हीसीहोस्ट यंत्रणेच्या नावावर चालायचे, समोरच्या रकान्यात ‘सिस्टिम’, ‘लोकल सर्व्हिस’ किंवा ‘नेटवर्क सर्व्हिस’ असं लिहिलेलं असायचं. खोट्याच्या समोर वापरणाऱ्याचं नाव असायचं. ज्याच्यापुढे स्वतःचं नाव, तो बंद करायचा. मग पत्त्याच्या पट्टीत हीप४१ए फोल्डरचं नाव हाताने टाइप करून आत जायचं, कारण ते डोळ्यांना दिसत नसे, आणि सगळं पुसायचं. शेवटी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, तेच नाव शोधून, यंत्र सुरू होताना त्याला जागं करणारी ओळ काढायची. हा क्रम महत्त्वाचा होता. चालू असलेली फाइल पुसता येत नाही, आणि फाइल पुसून रजिस्ट्रीतली ओळ ठेवली तर दर वेळी संगणक सुरू होताना तक्रार करतो. फोल्डरातल्या साध्या मजकूर-फाइली उघडून पाहणाऱ्याला आणखी एक गंमत दिसे. सगळी कारागिरी ऑटोहॉटकी या फुकट मिळणाऱ्या साधनाची होती. खिडकीचं शीर्षक वाचायचं, त्यात ‘ऑर्कुट’ आढळलं की खिडकी बंद करून निरोप दाखवायचा. एवढाच सगळा दरारा.

इतर सगळे वर्म इतके सरळ नव्हते. ऑक्टोबर २००५ मध्ये इंडोनेशियात निघालेला ब्रोंटॉक फोल्डरचं पिवळं चित्र पांघरून यायचा. एक्सपी फाइलीच्या नावाचं शेपूट लपवत असल्याने फोल्डर कोणतं आणि प्रोग्रॅम कोणता हे कळत नसे. तो आधी दुरुस्तीची हत्यारं पळवायचा. फोल्डर ऑप्शन्स गायब, रजिस्ट्री उघडायला मनाई, आणि दुरुस्तीशी संबंधित शब्द खिडकीच्या शीर्षकात दिसले की यंत्र सरळ रिस्टार्ट. लेखकाने आपल्या निरोपात एका गरुडाचं नाव प्रेरणा म्हणून दिलं होतं. त्याच्या शब्दांत नामशेष व्हायला आलेला ब्रोंटॉक गरुड, म्हणजे आपल्या सह्याद्रीतही दिसणारी मोरघार. इतकं निसर्गप्रेम असलेल्या माणसाने लोकांच्या संगणकांवर का राग काढला, देव जाणे.

या वर्षांत गावोगावच्या संगणक दुरुस्तीवाल्यांनी स्वतःची एक विद्या तयार केली. पुस्तकात ती नव्हती. पेनड्राइव्ह आला की डबल क्लिक करायचं नाही, पत्त्याच्या पट्टीत ड्राइव्हचं अक्षर टाइप करून आत जायचं. सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजकेच आवश्यक प्रोग्रॅम चालतील असं, यंत्र सुरू करायचं. काळ्या पडद्यावर ‘अॅट्रिब’ हा डॉसच्या जमान्यातला हुकूम देऊन फाइलींवरचं लपलेपण उतरवायचं. सगळ्यांत सुंदर युक्ती लसीची होती. पेनड्राइव्हवर ऑटोरन फाइलीचं पूर्ण नाव देऊन आपणच एक रिकामं फोल्डर करून ठेवायचं. एकाच जागी एकाच नावाची फाइल आणि फोल्डर विंडोजला चालत नाहीत, त्यामुळे वर्मला आपली फाइल तिथे लिहिताच येत नसे. पुढच्या वर्मनी ते फोल्डर आधी पुसायला सुरुवात केली, तेव्हा २००९ मध्ये पांडा या स्पॅनिश कंपनीने न पुसता येणारी लस फुकट वाटली. कल्पना तीच, बांधणी पक्की.

आणि काहीच जमलं नाही तर ‘फॉरमॅट मारायचा’. हा सर्वांत चालणारा आणि सर्वांत वाईट उपाय. सी ड्राइव्ह धुऊन निघायचा, गिऱ्हाइकाचे फोटो जपायचे म्हणून डी ड्राइव्ह तसाच ठेवला जायचा, आणि नव्या कोऱ्या विंडोजमध्ये डी ड्राइव्हवर पहिला डबल क्लिक झाला की वर्मने तिथेही लिहून ठेवलेल्या ऑटोरनने तो पुन्हा घरी! कितीतरी यंत्रं महिन्याभरात परत यायची ती यामुळे. अँटिव्हायरसला रोज नवी माहिती लागते, नेट मंद, म्हणून तीही कुठून तरी उतरवून पेनड्राइव्हवरच आणायची. औषध आणि रोग एकाच डब्यातून.

मोठं वादळ आलं ते २००८ च्या अखेरीला. विंडोजमधल्या एका गंभीर छिद्रावर मायक्रोसॉफ्टने २३ ऑक्टोबरला तातडीचं ठिगळ दिलं. महिनाभरात, नोव्हेंबरमध्ये, त्याच छिद्रातून कॉनफिकर आत आला. डिसेंबरअखेरच्या त्याच्या दुसऱ्या अवताराने पेनड्राइव्हची वाटही धरली. पेनड्राइव्ह लावल्यावर येणाऱ्या चौकटीत तो फोल्डरचं चित्र आणि फाइली पाहण्यासाठी फोल्डर उघडा, असा साळसूद पर्याय वर ठेवायचा. खाली विंडोजचा खरा पर्याय, शब्द तेच. जानेवारी २००९ मध्ये फिनलंडच्या एफ-सिक्युअर कंपनीने बाधित यंत्रांचा अंदाज ९० लाखांच्या घरात सांगितला. फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने लेखकाला पकडून देणाऱ्यास अडीच लाख डॉलरचं बक्षीस लावलं. ते कुणालाच मिळालं नाही.

ठिगळ होतं, तरी ते लावलेलं का नव्हतं? आपल्याकडचं एक कारण सांगायला हवं. बहुतेकांची विंडोज चोरीची होती. त्याच २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने नकली एक्सपी ओळखून पडद्याची पार्श्वभूमी काळी करणारं अपडेट सोडलं. पडदा काळा झाला की दुकानदाराचा पहिला सल्ला एकच, ऑटोमॅटिक अपडेट बंद करून टाका. चोरी उघडी पडू नये म्हणून लावलेली ती कडी कॉनफिकरच्या पथ्यावर पडली. दोष मायक्रोसॉफ्टचा की चोरांचा, यावर वाद घालता येईल. पण ज्या वर्षी दारं घट्ट लावायची होती, त्याच वर्षी लोकांना कुलपाचाच धसका बसला, हे खरं.

कॉनफिकर अँटिव्हायरस कंपन्यांच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या साइट उघडू द्यायचा नाही. त्याला शोधण्याची सर्वांत साधी रीत याच खोडीतून निघाली. त्याच्याशी लढणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने एक पान केलं, त्यावर सुरक्षा कंपन्यांची बोधचिन्हं आणि त्याच्या वाटेला न गेलेल्या इतर संस्थांची चिन्हं शेजारी मांडली. पहिली दिसली नाहीत आणि दुसरी दिसली, तर बाधा. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या तक्त्यासारखं.

आपण मागास म्हणून हे आपल्या वाट्याला आलं, अशी खंत कुणाला वाटली असेल तर ती काढून टाकावी. ऑगस्ट २००८ मध्ये नासाने मान्य केलं, की आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून पसरणारा, ऑनलाइन खेळांचे पासवर्ड चोरणारा वर्म सापडला. त्याच वर्षी मध्यपूर्वेतल्या एका तळावर अमेरिकी लष्कराच्या लॅपटॉपला कुणीतरी बाधित पेनड्राइव्ह लावला. नोव्हेंबरमध्ये पेंटागॉनने पेनड्राइव्ह वापरायलाच बंदी घातली. संरक्षण उपमंत्री विल्यम लिन यांनी २०१० मध्ये लिहिलं, की अमेरिकी लष्करी संगणकांवरची ती तोवरची सर्वांत गंभीर घुसखोरी होती. अंतराळात, लष्करी तळावर आणि मालवणच्या टायपिंग सेंटरमध्ये दार एकच होतं.

ते अखेर बंद झालं, अगदीच गाजावाजा न करता. २००९ च्या विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हवरचं ऑटोरन मुळातच काढलेलं होतं. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या एक्सपी आणि व्हिस्तालाही तेच अपडेट धाडलं. मे महिन्यापर्यंत या जातीच्या वर्मची बाधा २०१० च्या तुलनेत एक्सपीवर ५९ टक्क्यांनी आणि व्हिस्तावर ७४ टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनेच जाहीर केलं. साथ चालू असताना जे अँटिव्हायरस कंपन्यांची संपूर्ण फौज करू शकली नाही, ते एक सोय काढून घेतल्याने झालं. सोय सुचायला जेवढा वेळ लागला असेल, त्याच्या कितीतरी पट वेळ, पंधरा वर्षांहून जास्त, ती काढायला लागला.

वर्म लिहिणारे थांबले नाहीत. २०१० मध्ये उघड झालेल्या स्टक्सनेटने ऑटोरनऐवजी शॉर्टकटच्या चित्रातलं छिद्र वापरलं. लक्ष्य होतं इराणचं नतान्झ येथील अणुकेंद्र, पण सिमँटेकच्या मोजणीत इराण आणि इंडोनेशियाखालोखाल बाधित यंत्रं भारतातली निघाली. पुढे गावोगावी पेनड्राइव्हवरच्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होऊ लागले. आत शिरलेला वर्म खरे फोल्डर लपवायचा आणि त्यांच्या नावाचे बाण असलेले तोतये मांडायचा. फोटो गेले म्हणून रडकुंडीला आलेली माणसं दुकानात यायची आणि दुकानदार तोच जुना ‘अॅट्रिब’ चालवून पाच मिनिटांत सगळं परत द्यायचा. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट खरोखरच बंद झालं. ते गूगलने केलं.

नेट गावात आलं तसा पेनड्राइव्ह मागे पडला आणि वर्म तारेवरून येऊ लागला. २७ जून २०१७ ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या सुटला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचं जगभरचं जाळं त्याने बसवलं आणि कोकणच्याच किनाऱ्यावर, उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं तिच्या गटाचं टर्मिनल ठप्प झालं. कुठला कंटेनर कुणाचा, हे यंत्र सांगेना. बंदराच्या अध्यक्षांनी हाताने काम चालवायचा प्रयत्न सुरू असल्याचं सांगितलं. मर्स्कने पुढच्या दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचं.

हे उभं करायला एक मूळ नोंदवही लागत होती, जाळ्यातल्या कोणत्या संगणकाला आणि कोणत्या माणसाला कुठे शिरायची मुभा आहे ते सांगणारी. तिच्या जगभरच्या जवळजवळ सगळ्या प्रती एकाच दिवशी पुसल्या गेल्या होत्या. शोधता शोधता एक धड प्रत सापडली घानामध्ये, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि ते यंत्र बंद पडलं होतं. घानाची तार मंद, एवढी माहिती इंग्लंडला पाठवायला कित्येक दिवस लागले असते. तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एकाने हार्ड डिस्क घेऊन नायजेरियाला विमानाने जायचं, तिथे विमानतळावर ती दुसऱ्याच्या हातात द्यायची, आणि त्याने लंडनचं विमान पकडायचं, असं ठरलं. सुमारे साडेसहा तासांचा तो प्रवास संपवून डिस्क हीथ्रोवर उतरली.